अंधेरी ते मुलुंड : गावठाणातले ख्रिस्ती मोजायचे कसे?

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेची माणसं आपल्या दारात येणार आहेत. २०२१ ची जनगणना कोरोनात अडकली, ती आता होतेय. १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात विचारली जाणार, त्यामुळे चर्चा सगळी जातीच्या रकान्याची चाललीये. मला मात्र दुसऱ्याच दोन रकान्यांबद्दल लिहायचंय, धर्म आणि मातृभाषा. कारण आपल्या उपनगरात एक समाज असा आहे की हे दोन रकाने एकत्र वाचल्याशिवाय तो दिसतच नाही.

ईस्ट इंडियन. नाव ऐकून नवीन माणसाला वाटतं, बंगाल-ओरिसाकडचे असतील. उलट आहे. हे इथले, साष्टीचे. मरोळ, चकाला, कोंडिविटे, सहार, आंबोली, वेसावे, मढ, मनोरी, गोराई या गावांतले. घरात पिढ्यान् पिढ्या मराठीची एक बोली, गळ्यात क्रूस, आडनाव परेरा नाहीतर डिसोझा. आपल्यातल्या किती जणांनी त्यांना सरसकट 'गोवन' म्हटलं असेल, मोजायला बसलो तर जनगणनेपेक्षा मोठं काम होईल.

आधी आकडे, म्हणजे अडचण कळेल.

२०११ ला मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५७ हजारांच्या आसपास होती. त्यात ख्रिस्ती साडेतीन ते चार टक्क्यांच्या मध्ये, म्हणजे ढोबळमानाने साडेतीन लाख. या साडेतीन लाखांत गोव्याहून आलेले आहेत, मंगळूरकडचे आहेत, केरळचे आहेत, तमिळ आहेत, अलीकडे ईशान्येकडून आलेलेही आहेत. जनगणना त्या सगळ्यांना एकाच ओळीत टाकते. दुसरीकडे भाषेचा तक्ता मराठी बोलणाऱ्यांची संख्या देतो, पण त्यातले ख्रिस्ती किती हे तिथे कळत नाही. आडनावांवरून काढावं तर तेही नाही, कारण फर्नांडिस मनोरीचाही असतो आणि मडगावचाही. पोर्तुगीज काळात बाप्तिस्म्याच्या वेळी जी नावं मिळाली, ती वसईपासून गोव्यापर्यंत सारखीच.

याउलट सव्वाशे वर्षांपूर्वीचं चित्र बघा. १९०१ मध्ये साष्टी तालुक्याची लोकसंख्या होती सुमारे १ लाख ४७ हजार. आजच्या जिल्ह्याची आणि त्या तालुक्याची हद्द तंतोतंत एक नाही, तेव्हा ठाणे शहरही साष्टीत मोजलं जायचं. तरी बघा, वांद्रे, ठाणे, कुर्ला ही तीन शहरं आणि सव्वाशेच्या वर गावं मिळून दीड लाखसुद्धा माणूस नाही. आता अंधेरीच्या एका वॉर्डात त्याहून जास्त लोक राहतात. त्या दीड लाखांत कोण होतं? कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, पाचकळशी, डोंगराकडे वारली. आणि याच जातींमधून ख्रिस्ती झालेले लोक.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात घ्यायला हवं. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये इथल्या ख्रिस्ती लोकांचं वर्णन आहे आणि त्यात त्यांचे गट पाडलेत ते जुन्या जातींवरून. ख्रिस्ती कोळी, ख्रिस्ती कुणबी, ख्रिस्ती वाडवळ. वसईकडे ख्रिस्ती सामवेदी. धर्म बदलून तीनशे वर्षं झाली होती तरी लग्नं बहुतेक आपापल्या गटातच होत होती. म्हणजे वेसाव्याच्या ख्रिस्ती कोळ्याला मरोळच्या ख्रिस्ती शेतकऱ्यापेक्षा शेजारच्या गल्लीतला हिंदू कोळी बऱ्याच बाबतीत जवळचा होता. होडी तीच, जाळं तेच, वारं-भरतीचे शब्द तेच.

मुळात हे ख्रिस्ती झाले कधी? १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्या मागोमाग पाद्री आले, आधी फ्रान्सिस्कन, मग जेझुइट. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी बघा. खाली शिवाचं लेणं, वर चर्चचे अवशेष. फादर अँतोनियो दो पोर्तो याने ते लेणं चर्चसाठी घेतलं. ही सक्ती नव्हती असं मी म्हणणार नाही. देवळं पडली, जागा गेल्या. त्याबरोबर आसरा, धान्य, नोकरी, सावकारापासून संरक्षण अशीही कारणं होती. दोन्ही खरं आहे. आपल्याकडे वाद घालणाऱ्यांना मात्र दोनपैकी एकच खरं लागतं.

अंधेरीला सीप्झच्या कुंपणाआत एक पडकं चर्च आहे, सेंट जॉन द बॅप्टिस्टचं, १५७९ चं. १८४० च्या सुमारास साथ आली, वस्ती हलली आणि चर्च मरोळला गेलं. पुढे १९७३ ला सीप्झ झालं आणि ते अवशेष निर्यात क्षेत्राच्या आत राहिले. वर्षातून एकदा, मे महिन्यात, सणाला गावकऱ्यांना आत जाता येतं. स्वतःच्या पूर्वजांच्या देवळात जायला पास लागतो! बाहेर रोज हजारो माणसं आयटीची आयकार्डं गळ्यात घालून त्या रस्त्याने जातात, आत काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं.

मग १७३७ ला मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई. हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पोर्तुगीज गेले, त्यांचे युरोपियन पाद्री गेले. पण गावातले शेतकरी, कोळी कुठे जाणार? ते राहिले. इथलेच देशी पाद्री त्यांची चर्चं सांभाळत राहिले. १७७४ ला इंग्रजांनी साष्टी बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ती पक्की केली. म्हणजे साधारण सदतीस वर्षं हे ख्रिस्ती पेशव्यांची रयत होते, आणि ख्रिस्तीच राहिले. वसईच्या विजयाची भाषणं ठोकताना ही गोष्ट कुणी सांगत नाही. हरलं ते पोर्तुगालचं राज्य. गावातला माणूस कालचाच होता, फक्त सारा भरण्याची कचेरी बदलली.

उलट दिशेनेही वाहतूक झाली. १८२० च्या दशकात साष्टीतल्या काही आगरी ख्रिस्ती कुटुंबांना परत हिंदू करून घेतलं गेलं. गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद 'नवे मराठे' किंवा 'वरप आगरी' अशी आहे. आता विचार करा, एकाच गावात एका भावाचा वंश ईस्ट इंडियन आणि दुसऱ्याचा आगरी असं घडू शकत होतं. अशा ठिकाणी 'मूळचा कोण आणि बाहेरचा कोण' हा प्रश्न धर्मावरून सुटतच नाही.

आता नावाची गोष्ट. पोर्तुगीज गेल्यावरही इंग्रज या लोकांना बराच काळ 'पोर्तुगीज' म्हणायचे, किंवा 'नेटिव्ह ख्रिश्चन'. १८५३ ला बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली, गिरण्या निघाल्या, बंदर वाढलं. कामासाठी गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती यायला लागले. त्यांचीही आडनावं तीच, धर्म तोच, आणि बरेचसे शिकलेले. नोकरीच्या अर्जात साहेबाला फरक कळेना. तेव्हा इथल्या लोकांनी ठरवलं की आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनची इंग्रजांची रयत, तर आपण स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घ्यायचं. २६ मे १८८७, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली ते वर्ष, त्या दिवशी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली.

कंपनीचं राज्य संपून तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. पण नाव चिकटलं. मला या नावाचा राग येत नाही, उलट त्यातला हिशेब कळतो. स्थानिकांना डावललं जातंय, नोकरीत आधी आमचा हक्क, ही मागणी पुढे आपण मराठी माणसांनी मुंबईत मोठ्या आवाजात केलीच. त्यांनी ती ऐंशी वर्षं आधी केली, फक्त ज्या सरकारपुढे करायची त्याच्या भाषेत केली. तोटा असा झाला की या नावात 'मराठी' कुठेच उरलं नाही.

नाहीतर मराठीपणाचा पुरावा कमी नव्हता. १६५९ मध्ये फ्रान्सिस्को वाझ द गिमारायश या फ्रान्सिस्कन पाद्र्याचं ख्रिस्तपुराण लिस्बनला छापलं गेलं, वसईकडच्या मराठीत. (फादर स्टीफन्सचं १६१६ चं ख्रिस्तपुराण वेगळं, ते गोव्यातल्या सालसेतचं. आपली साष्टी आणि त्यांचं सालसेत यात भलेभले गोंधळतात.) ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली, तिचा मराठीचा खंड १९०५ ला आला. त्यात कोकणातल्या मराठी बोलींच्या यादीत कोळी, आगरी, कुणबी, वाडवळ, सामवेदी यांच्या रांगेत 'किरिस्तांव' ही ठाणे जिल्ह्यातल्या ख्रिस्त्यांची बोली आहे. ग्रिअर्सनला ती मराठीत घालावी की नाही असा प्रश्नही पडला नव्हता. जुन्या ईस्ट इंडियन बायका नेसतात त्याला त्या लुगडंच म्हणतात. लग्नाच्या आदल्या रात्री वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात त्याला 'उंबराचं पाणी' म्हणतात. ऑक्टोबरमध्ये नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात, तो आगेरा. हे रोमहून आलेलं नाही.

आणि ज्यांना राजकारणातला पुरावा लागतो त्यांच्यासाठी : काका बॅप्टिस्टा. टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष, कामगार चळवळीतले, १९२५ ला मुंबईचे महापौर. ईस्ट इंडियन.

मग मराठी सुटली कुठे? सगळीकडे सुटली नाही, हे पहिलं. वसईत जा. तिथल्या ख्रिस्ती समाजात मराठी शाळा टिकल्या, प्रार्थना मराठीत होते, 'सुवार्ता'सारखं मासिक १९५५ पासून आहे. २०२० चं उस्मानाबादचं साहित्य संमेलन आठवा, अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे. त्यांच्या निवडीवर काहींनी नाकं मुरडली होती, पण त्यांच्या मराठीवर कुणाला बोट ठेवता आलं नाही. गोराई, मनोरी, उत्तनकडेही बोली घराघरात ऐकू येते.

अंधेरी, मरोळ, चकाला, बोरिवली इकडे मात्र गोष्ट वेगळी झाली. रेल्वेत, कस्टम्समध्ये, कंपन्यांत कारकुनी मिळवायची तर इंग्रजी हवं. मुलं इंग्रजी शाळेत गेली. शिवाय याच चर्चच्या हद्दीत गोवेकर, मंगळूरकर मोठ्या संख्येने राहायला आले. त्यांची कोकणी वेगळी, यांची मराठी वेगळी, मग सगळ्यांना मिळून चालेल अशी भाषा इंग्रजी. १९६० नंतर चर्चमध्ये लॅटिन जाऊन लोकांच्या भाषेत प्रार्थना करायची मुभा आली. वसईला 'लोकांची भाषा' मराठी ठरली, अंधेरीत बहुतेक ठिकाणी इंग्रजी. एकच निर्णय, तीस-चाळीस किलोमीटरमध्ये दोन निकाल. आजी बोलीत बोलते, आई दोन्ही बोलते, नात आजीचं कळतं म्हणते पण उत्तर इंग्रजीत देते. हे चित्र आपल्या मराठी हिंदू घरांत आता दिसायला लागलंय, त्यांच्याकडे एक पिढी आधी दिसलं इतकंच.

भाषेच्या आधी जमीन गेली होती, ते जास्त महत्त्वाचं. ही शेतकऱ्यांची गावं होती. भातशेती, वाड्या, खाडीकडे खाजणं. विहार तलाव १८५० च्या दशकात बांधायला घेतला, त्यात वस्ती आणि शेतं गेली. १८९६ ला प्लेग आला, शहरातली माणसं उपनगरात पळाली. गावठाणांच्या तोंडाशी जे क्रूस दिसतात त्यातले बरेचसे त्या काळचे आहेत, खाली सालं कोरलेली असतात. १९२८ ला अंधेरी ते तुर्भे अशी साष्टी-तुर्भे रेल्वे निघाली, कुर्ल्यावरून जायची, १९३४ ला बंदसुद्धा झाली. आजच्या मेट्रोवाल्यांना सांगून बघा, कुणाला खरं वाटत नाही. मग १९४९ ला आरे, पुढे विमानतळ, एमआयडीसी, सीप्झ. १९५० ला अंधेरी-कुर्ला-घाटकोपर महापालिकेत आलं, १९५७ ला दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा पट्टा. गावाचं उपनगर झालं, शेतकऱ्याच्या सातबाराच्या जागी प्रॉपर्टी कार्ड आलं. शेतं गेली आणि उरलं काय, तर मधोमध घरांचा पुंजका. त्यालाच आज आपण गावठाण म्हणतो. मुंबईत १८९ गावठाणं असा आकडा नेहमी सांगितला जातो. घाटकोपरला किरोळ आहे, मुलुंडचं आहे, अंधेरीत तर चार टॉवर ओलांडले की एक लागतं. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला टेकावं अशा पाखाड्या, लाकडी जिने, दारात तुळस किंवा दारात क्रूस. कधी समोरासमोर दोन्ही.

इथे मोजणीचा प्रश्न पोटाचा होतो. गावठाणाची हद्द नीट आखा, आमच्या घरांना झोपडपट्टी म्हणू नका, पुनर्विकासाचे नियम आमच्या घरांना साजेसे करा, या मागण्या वर्षानुवर्षं चालल्यात. सरकार विचारतं, तुम्ही किती? उत्तर देता येत नाही. असोसिएशन एक आकडा सांगते, दुसरी संघटना दुसरा, आणि जनगणना गप्प. राजकीय पक्षांच्या हिशेबात ते 'ख्रिस्ती मत' असतात, म्हणजे गोवेकर-मंगळूरकरांच्या पोत्यात. मराठी म्हणून त्यांना कुणी धरत नाही. भूमिपुत्रांचं राजकारण करणाऱ्या शहरात सगळ्यात जुन्या भूमिपुत्रांपैकी एक गट यादीतच नाही. कोळी आणि वारल्यांचं दुःख वेगळं आहे, ते कागदावर दिसतात तरी जमीन जातेच. पण हे कागदावरही दिसत नाहीत.

जगात असं कोडं फक्त आपल्याकडे आहे असं नाही. पूर्व युरोपात मोल्दोव्हा नावाचा छोटा देश आहे, त्याच्या दक्षिणेला गागाउझ लोक राहतात. भाषा तुर्की कुळातली आणि धर्म ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. एकोणिसाव्या शतकात बल्गेरियन लोकांबरोबर तिथे येऊन वसले, खेडेगावांतले शेतकरी, आणि रशियन साम्राज्याच्या कागदांत कितीतरी वेळा बल्गेरियन म्हणूनच नोंदले गेले. तुर्कांना ते ख्रिस्ती म्हणून परके, शेजारच्या ख्रिस्त्यांना तुर्की बोलतात म्हणून परके. त्यांच्या भाषेला स्वतःची लिपी १९५७ ला मिळाली. डिसेंबर १९९४ मध्ये मोल्दोव्हाने त्यांना स्वायत्त प्रदेश दिला, कोमरात ही राजधानी. २०१४ च्या गणतीत तिथली लोकसंख्या होती साधारण १ लाख ३५ हजार. म्हणजे १९०१ च्या आपल्या साष्टीएवढीसुद्धा नाही. पण गणतीत गागाउझ हे नाव लिहिता येत होतं, म्हणून किती हे सांगता आलं आणि मागता आलं. स्वायत्त प्रदेश मागा असं मी मरोळकरांना सांगत नाहीये, उगाच कुणी स्क्रीनशॉट फिरवू नका.

ईस्ट इंडियन लोकांमध्ये हालचाल आहे. मोबई गावठाण पंचायत आहे, मनोरीला त्यांनी जुन्या वस्तूंचं संग्रहालय उभं केलंय. 'मोबई' हा मुंबईचा त्यांच्या बोलीतला उच्चार. तरुण मुलं बोलीत गाणी करतायत, व्हिडिओ करतायत. पण याच मुलांच्या घरी फेब्रुवारीत प्रगणक येणार. घरात जो मोठा असेल तो माहिती सांगणार. धर्म विचारला की ख्रिस्ती, त्यात प्रश्न नाही. मातृभाषा विचारली की? माझा अंदाज आहे, अंधेरीतली निम्मी घरं पटकन 'इंग्लिश' म्हणतील. काही जण 'ईस्ट इंडियन' म्हणतील. आणि प्रगणकच आडनाव बघून विचारायच्या आधी 'कोकणी' लिहून मोकळा होईल, हीसुद्धा भीती आहे.

या तिन्हींचं काय होतं ते सांगतो. २०११ ला देशभरातून मातृभाषेची १९,५६९ वेगवेगळी नावं आली होती. त्यांची छाननी होऊन १,३६९ उरली आणि ती शेवटी १२१ भाषांमध्ये बसवली. दहा हजारांपेक्षा कमी लोकांनी सांगितलेली मातृभाषा स्वतंत्र छापली जात नाही, ती 'इतर'मध्ये जाते. म्हणजे 'ईस्ट इंडियन' म्हणून शे-दोनशे घरांनी लिहून काही होणार नाही. हजारोंनी लिहिलं तर ते नाव छापून येईल. सरळ 'मराठी' लिहिलं तर निदान मराठीच्या आकड्यात भर पडेल. 'इंग्लिश' किंवा 'कोकणी' लिहिलं तर ग्रिअर्सनच्या यादीतली ती बोली सरकारी कागदावरून गेली म्हणून समजा.

आणि आपल्या बाकीच्या मराठी मंडळींना : शेजारी परेरा राहत असतील तर 'अरे वा, तुम्हाला छान मराठी येतं' असं म्हणणं आता तरी थांबवा. त्यांच्या पणजोबाच्या शेतावर तुमची-आमची सोसायटी उभी आहे.

प्रगणकांना दिलेली मातृभाषेची व्याख्या साधी आहे. लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा. आई लहानपणीच गेली असेल तर घरात मुख्यतः जी भाषा बोलली जायची ती. शाळेची भाषा, चर्चमधल्या प्रार्थनेची भाषा, ऑफिसची भाषा त्यात येत नाही. येणाऱ्या इतर भाषांसाठी वेगळा रकाना असतो, इंग्रजी तिथे खुशाल लिहा. प्रगणक निघण्याआधी मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय ते प्रगणकाला वाचून दाखवायला सांगा.